बॉयकॉट : एका शब्दाचा जन्म आणि त्याचा प्रवास

माणसांच्या नावांवरून रूढ झालेले शब्द प्रत्येक भाषेत आढळतात. मराठीत फितुराला 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात. विश्वासघात करणाऱ्यास आपण ख्रिस्ती मंडळी 'यहुदा' म्हणतो. १९६७ साली हरियाणातील गयालाल नामक आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून पक्षांतर करणाऱ्यांना 'आयाराम-गयाराम' हे नाव साऱ्या देशात चिकटले. राजकारणाच्या बोलीत असेच मुरलेले दुसरे नाव म्हणजे 'बॉयकॉट'. गावात रस्ता झाला नाही की मतदानावर बॉयकॉट, मंत्र्यांचे उत्तर पटले नाही की कामकाजावर बॉयकॉट, शेजारी देशाशी बिनसले की त्याच्या मालावर बॉयकॉट. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, ते मुळात एका हाडामांसाच्या गृहस्थाचे आडनाव होते याची आठवणही कोणास होत नाही.

त्या आडनावाचे क्रियापद करणारा माणूस आयर्लंडमधील एका लहानशा धर्मग्रामाचा धर्मगुरू होता, ही गोष्ट तर त्याहून थोड्यांना ठाऊक असेल. पुढे आठच वर्षांनी, त्या शब्दाने दर्शविलेली कृती रोमने निषिद्ध ठरविली. एकाच ख्रिस्तसभेतील एका धर्मगुरूने शब्द घडवावा आणि तिच्याच सर्वोच्च पीठाने त्या कृतीचा निषेध करावा, हे कसे घडले? माणसाला वाळीत टाकण्याचे हत्यार ख्रिस्ती माणसाच्या हाती शोभते काय? शब्दाचा इतिहास पाहता पाहता या प्रश्नाचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते.

मेयो परगण्यातील कुळे

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो नावाचा परगणा आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील जमीन थोड्याशा जमीनदारांच्या मालकीची होती आणि ती कसणारी कुळे बहुतांशी गरीब कॅथलिक होती. कित्येक जमीनदार दूर राहत आणि खंडवसुलीचे काम कारभाऱ्यावर सोपवीत. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढण्याचा अधिकार मालकास होता. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून सुरू झालेल्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देशोधडीला लागली. मेयोला त्याची झळ फार मोठी बसली. त्यामुळे १८७९ साली पुन्हा पीक बुडाले तेव्हा लोकांच्या काळजाचा ठोका चुकला. जमीन गेली तर पुढे काय होते, हे त्यांच्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने 'आयरिश नॅशनल लँड लीग' ही संघटना स्थापन झाली आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. पार्नेल स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार होते, तरी कॅथलिक कुळांचे पुढारीपण त्यांच्याकडे आले. वाजवी खंड, जमिनीवरील कायम हक्क आणि तो हक्क विकण्याची मुभा, अशा कुळांच्या मागण्या होत्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेल यांनी श्रोत्यांना एक प्रश्न केला. शेजाऱ्याला हुसकावून लावलेल्या जमिनीवर जो दुसरा कोणी जाऊन बसेल, त्याचे काय करावे? गर्दीतून उत्तर आले की, त्याला गोळी घालावी. त्यावर पार्नेल म्हणाले की, याहून अधिक ख्रिस्ती आणि अधिक दयेचा एक मार्ग आहे. तो रस्त्यात भेटो, दुकानात भेटो, बाजारात भेटो, प्रार्थनामंदिरात भेटो, त्याच्याशी कोणी बोलू नये. जुन्या काळी कुष्ठरोग्याला दूर ठेवीत तसे त्याला एकटे पाडावे. ही उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

कॅप्टन साहेबांची कोंडी

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट यांचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. घराण्याचे आडनाव मुळात 'बॉयकॅट' असे लिहीत; वडिलांनी १८४१ च्या सुमारास त्याचे रूप बदलले. ते बदलले नसते तर आज जगभर 'बॉयकॅट' हा शब्द चालला असता! सैन्यातील थोड्याशा नोकरीनंतर बॉयकॉट आयर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि पुढे मेयोमध्ये लॉख मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी म्हणून राहू लागले. 'कॅप्टन' ही पदवी लोकांनीच मानाने लावलेली. ते स्वतःही मोठी शेती करीत. ते राक्षस नव्हते. परंतु कडक स्वभावाचे होते, आणि किरकोळ कारणांवरून दंड बसविण्याची त्यांची रीत कुळांना जाचक वाटे.

१८८० साली लॉर्ड अर्न यांनी खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळांनी शेकडा २५ मागितली. मालकाने नकार दिला आणि अकरा कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा बजावण्याचे ठरले. २२ सप्टेंबरला बेलिफ सतरा पोलिसांसह नोटिसा घेऊन निघाला. तिसरी नोटीस लागते न लागते तोच गावच्या बायका धावून आल्या आणि चिखल, शेण, दगड यांचा मारा करून त्यांनी त्याला परत पाठविले. दुसऱ्या दिवशी लोक बॉयकॉट यांच्या घरी गेले आणि तेथील गडी-मोलकरणींना काम सोडण्यास त्यांनी सांगितले. त्यांतले काही खुशीने गेले, काही भीतीने गेले.

मग एकामागून एक दोर कापले गेले. लोहार घोड्याला नाल मारीना. परटीण कपडे नेईना. टपाल आणणारा मुलगा येईना. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणे बंद केले. शेतात पीक उभे होते आणि कापणीला माणूस नव्हता. बॉयकॉट यांनी ऑक्टोबरात लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रास पत्र लिहून आपली कैफियत मांडली, तेव्हा त्यांची कोंडी साऱ्या इंग्लंडभर गाजली. उत्तरेकडील पन्नास स्वयंसेवक कापणीसाठी निघाले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारने शेकडो सैनिक व पोलीस धाडले. क्लेअरमॉरिस स्थानकावर त्यांना एकही गाडीवान मिळाला नाही. भर पावसात सारी मंडळी पायी चालत बॅलिनरोबला गेली. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यास दहा हजार पौंडांच्या वर खर्च आला असे म्हणतात. एक सलगम उपटावयास एक शिलिंग पडला, असा टोमणा पार्नेल यांनी मारला.

या सर्व काळात कोणाचे रक्त सांडले नाही, हे विशेष. त्याचे श्रेय पुष्कळ अंशी 'द नील' या धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली यांना दिले जाते. ते लीगच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. सैन्य आले असता कोणी वाटेत उभे राहू नये, शिवी देऊ नये, दगड उचलू नये, असे त्यांनी लोकांना बजावले. सैन्य परत जात असताना रस्त्यावर त्यांना एकच म्हातारी दिसली आणि "ब्रिटिश सैन्याला भेडसावू नकोस असे तुला सांगितले नव्हते काय?" असे ते तिला रागावले, अशी आख्यायिका आहे.

२७ नोव्हेंबर १८८० रोजी बॉयकॉट कुटुंबाने घर सोडले. गाडी हाकण्यास गावचा कोणी माणूस मिळेना, म्हणून त्यांना लष्कराच्या रुग्णवाहिकेतून जावे लागले.

जेवणाच्या मेजावर

शब्दाची जन्मकथा आपणांस जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितली आहे. हा गृहस्थ अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लढलेला. १८८० साली तो आयर्लंडमधून वार्तापत्रे पाठवीत होता. एके दिवशी तो फादर ओ'मॅली यांच्या घरी जेवावयास बसला असता त्याचे जेवणात लक्ष नव्हते. फादरांनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की, एक शब्द अडला आहे. जमीन बळकावणाऱ्या शेजाऱ्याला लोक दूर करतात, त्याला आपण सामाजिक धर्मबहिष्कार म्हणतो; परंतु जमीनदाराच्या वा बॉयकॉटसारख्या कारभाऱ्याच्या विरुद्ध हेच केले तर त्याला निराळा शब्द हवा. 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द आहे, पण शेतकऱ्यांना तो कळावयाचा नाही.

रेडपाथची अडचण खरी होती. 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द ग्रीक. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर एखाद्याचे नाव कोरीत आणि त्या मतदानात ज्याच्यावर गदा येई त्याला दहा वर्षे नगराबाहेर राहावे लागे. खापराला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणतात, त्यावरून तो शब्द आला. सेमिनरीत ग्रीक-लॅटिन घोकलेल्या फादरांना तो सहज कळला असणार. परंतु रोज आपल्या माणसांपुढे उभे राहून बोलणाऱ्यास हेही कळते की, पंडितांचा शब्द शेताच्या बांधापर्यंत पोचत नाही. फादरांनी खाली पाहिले, कपाळावर बोटे टेकवून क्षणभर विचार केला आणि विचारले, "याला 'बॉयकॉट करणे' म्हटले तर कसे?"

रेडपाथला शब्द आवडला. त्याने तो लिहिला, फादरांनी तो आपल्या लोकांत पसरविला. नोव्हेंबरात 'टाइम्स'ने आयर्लंडच्या दुसऱ्या भागातील बातमीत तो वापरला. आरंभी वृत्तपत्रे तो अवतरणचिन्हांत छापीत, जणू गावंढळ पाहुण्याला ओसरीवरच बसवावे. आडनावाचे मोठे आद्याक्षरही तसेच ठेवीत. हळूहळू अवतरणचिन्हे गळली, मोठे आद्याक्षर लहान झाले आणि विशेषनामाचे सामान्य क्रियापद झाले. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, रशियन इतकेच काय, जपानी भाषेनेही तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. १८९७ साली इंग्लंडमध्ये बॉयकॉट वारले, तेव्हा त्यांच्या आडनावाने आधीच अर्धे जग पालथे घातले होते.

कुळांनाही फळ मिळाले. १८८१ च्या जमीन कायद्याने त्यांच्या तिन्ही मागण्या बव्हंशी मान्य झाल्या आणि खंड ठरविण्यासाठी न्यायालये आली.

रोमचा निषेध

येथे गोष्ट संपली असती तर आपण फादर ओ'मॅली यांचे कौतुक करून थांबलो असतो. परंतु रेडपाथने कोणत्या कामासाठी शब्द मागितला होता ते आठवावे. बलवान कारभाऱ्याविरुद्ध दुबळ्यांनी एकत्र येण्याला त्याला नाव हवे होते. प्रत्यक्षात काही महिन्यांतच 'बॉयकॉट' हा शब्द सर्वांनाच लागू झाला. गुपचूप खंड भरणारे गरीब कूळ, रिकामी जमीन घेणारा शेजारी, त्याला पाव विकणारा दुकानदार, हे सारे त्याच्या तडाख्यात आले. मोठ्या साहेबासाठी सैन्य येऊ शकत होते. गरीब कुळासाठी कोण येणार?

आयर्लंडमधील बिशपांत यावरून दोन तट होते. डब्लिनचे आर्चबिशप मॅकेब यांचा लीगला विरोध होता, तर कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांचा पाठिंबा होता. पोप लिओ तेरावे यांनी १८८७ साली चौकशीसाठी आर्चबिशप इग्नेशियस पर्सिको यांना आयर्लंडला पाठविले. हे कपुचिन धर्मगुरू मुंबईला परके नव्हते. तरुणपणी त्यांनी बिशप हार्टमन यांच्या हाताखाली भारतात काम केले होते आणि १८५० साली निघालेल्या 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' या पत्राच्या उभारणीत त्यांचा हात होता. पुढे आग्र्याला असताना १८५७ च्या उठावात त्यांच्या जिवावरही बेतले होते.

एप्रिल १८८८ मध्ये रोमच्या 'होली ऑफिस'ने निर्णय दिला. खंड न देण्याची संघटित योजना आणि बॉयकॉट ही दोन्ही साधने निषिद्ध ठरली. खुशीने केलेला करार एकतर्फी मोडणे योग्य नव्हे, खंडाच्या तक्रारीसाठी न्यायालये आहेत, आणि वाजवी खंड भरणाऱ्या वा जमीन घेणाऱ्या माणसांचा असा छळ न्यायाला व प्रीतीला धरून नाही, अशी कारणे देण्यात आली. आयर्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. कॅथलिक लोकप्रतिनिधींनी डब्लिनमध्ये जमून जाहीर केले की, राजकीय बाबतीत रोमचा आदेश आम्हांस बंधनकारक नाही. जूनमध्ये पोपमहोदयांनी परिपत्रक काढून निर्णय पुन्हा ठामपणे सांगितला. स्वतः पर्सिको यांना असा निर्णय त्या वेळी नको होता, हे त्यांच्या नंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून कळते. तीनच वर्षांनी, १८९१ साली, याच पोपमहोदयांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक लिहून कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे जगाला सांगितले.

मग चूक कोणाची? आम्हांस वाटते, दोघेही एकाच वस्तूच्या दोन बाजू पाहत होते. फादर ओ'मॅली यांना घराबाहेर काढले जाणारे अकरा संसार दिसत होते. रोमला गावाने तोंड फिरविलेला एकटा माणूस दिसत होता. शब्द मात्र दोन्ही गोष्टींना एकच होता.

आपल्या भाषेत

मराठीला या कृतीसाठी इंग्रजी शब्दाची गरजच नव्हती. 'बहिस्' म्हणजे बाहेर; बाहेर करणे तो बहिष्कार. त्याहून रोखठोक शब्द 'वाळीत टाकणे'. न्हावी-परीट बंद, विस्तव-पाणी बंद, रोटी-बेटी बंद, हा त्याचा अर्थ गावोगावी ठाऊक होता. मात्र आयर्लंडमध्ये हत्यार खालून वर उगारले गेले होते. आपल्याकडे ते शतकानुशतके वरून खाली पडत आले. ख्रिस्ती झालेल्या कित्येकांनी त्याचे घाव सोसले. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही गदा आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले.

पुढे १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध कलकत्त्याच्या सभेत विलायती मालावर बॉयकॉट पुकारण्यात आला, तेव्हा मराठीने त्या आयरिश शब्दाला आपला जुना 'बहिष्कार' हाच प्रतिशब्द दिला. ज्या टिळकांवर चहाच्या पेल्यापायी बहिष्काराचे सावट आले होते, त्यांनीच १९०७ साली कलकत्त्याच्या भाषणात बहिष्कार हे आपले राजकीय शस्त्र असल्याचे सांगितले. अशा रीतीने एकाच शब्दात जुलूम आणि जुलमाचा प्रतिकार दोन्ही नांदू लागले.

हा दुहेरी अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका कोणी ओळखला नसेल. त्यांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' हे पत्र सुरू केले. महाडच्या पाण्यासाठी उठलेल्या समाजावर गावांनी बहिष्कार घातला, तो त्यांनी पाहिला. गोलमेज परिषदेपुढे मागण्या मांडताना सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा असे त्यांनी सुचविले आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बॉयकॉटविरोधी कायद्याच्या कलमांचा आधार घेतला. आमच्या राज्याने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला तो २०१६ साली. तो २०१७ मध्ये अमलात आला. आज एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोण कोणाला दूर करतो?

शब्द निष्पाप नसतो, आणि दोषीही नसतो. तो कोणाच्या मुखी आहे हे पाहावे लागते. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींनी यहुदी दुकानांवर जो बहिष्कार पुकारला त्यालाही 'बॉयकॉट' हेच नाव होते. तेथे सत्ता होती, गणवेश होता आणि समोर मूठभर दुकानदार होते. १९५५ साली अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बॉयकॉट पुकारला आणि ते ३८१ दिवस पायी चालले. त्यांचे पुढारी मार्टिन ल्युथर किंग यांना आरंभी हा शब्दच खटकला होता, कारण गोरे लोकही असलेच हत्यार वापरीत. आपण बसकंपनी बुडविण्यास निघालेलो नाही, अन्यायी व्यवस्थेला दिलेला आपला हात काढून घेत आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत पटविली. त्यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात हे नमूद केले आहे.

आम्हांस यात एक कसोटी सापडते. अन्यायाला दिलेला हात काढून घेणे वेगळे आणि माणसाला दिलेला हात काढून घेणे वेगळे. पहिल्यात सोसावे लागते ते मुख्यतः आपणास, दुसऱ्यात त्या एकट्यास. पहिल्याला शेवट असतो. खंड कमी झाला, बसमध्ये जागा मिळाली की ते संपते. दुसऱ्याला शेवट नसतो.

आता पार्नेल यांच्या उपमेकडे वळू. कुष्ठरोग्याप्रमाणे एकटे पाडणे हा गोळीहून अधिक ख्रिस्ती मार्ग, असे ते म्हणाले. गोळीहून तो बरा, यात शंका नाही. परंतु प्रभू येशूने कुष्ठरोग्याला दूर ठेवले नाही, हात पुढे करून स्पर्श केला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात न ऐकणाऱ्या बंधूला जकातदारासारखा मानावे असे सांगितले आहे, आणि ते लिहिणारा मत्तय हा परंपरेप्रमाणे स्वतः जकातदार होता, ज्याच्या घरी प्रभू जेवावयास बसला.

बांधाच्या भांडणावरून, पंचायतीच्या निवडणुकीवरून, मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून, एखाद्या घरचे आमंत्रण वगळणे, त्यांच्या अंत्ययात्रेला न जाणे, हे आपल्या गावांना अपरिचित नाही. तेथे कोणी 'बॉयकॉट' हा शब्द उच्चारीत नाही, पण कृती तीच असते. अशा वेळी आपण विचारावे की, आपण सबळ आहोत की दुबळे, आपण अन्यायापासून दूर होत आहोत की माणसापासून, आणि उद्या तो दारात आला तर दार उघडावयाचे की नाही हे ठरले आहे काय. फादर ओ'मॅली यांनी आपल्या लोकांना शब्द दिला आणि त्याबरोबर दगड न उचलण्याची ताकीदही दिली. जगाने शब्द घेतला. ताकीद सांभाळण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.